तांब्याच्या पट्टीखालचा पत्रा

माझ्या थोरल्या भावाने उभ्या आयुष्यात एकदाच स्वतःची चूक कबूल केली. तीही माझ्या अंगणात, सकाळी साडेदहाच्या सुमारास, शिडीचा पाय दोन्ही हातांनी घट्ट धरून. त्या वेळी त्याची एकुलती एक मुलगी माझ्या शिवणखोलीच्या पत्र्यावर मधोमध उभी होती आणि तिच्या पायाखाली काय आहे हे तिला सोडून आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. दादा हे कोणाला सांगेल ही आशा मी सोडली आहे, म्हणून मीच सांगते.

दादाचा धंदा छपरावरचं शेवाळ काढायचा आणि ते परत येऊ नये याची तजवीज करायचा. असा काही धंदा असतो हेच पुष्कळांना माहीत नसतं. उन्हातल्या छपराला हा त्रास नसतो. दादाची गिऱ्हाइकं म्हणजे मोठ्या झाडाखालची घरं, नाहीतर शेजारी उंच इमारत उभी राहिल्यामुळे कायमची सावलीत गेलेली घरं. तिथल्या कौलांना दिवसात तासभरसुद्धा ऊन मिळत नाही. लोकांना ते हिरवं छप्पर आवडतं, पाहुण्यांना दाखवतात. ते हिरवं हळूहळू कौलांच्या सांध्यांत शिरतं, ओल धरून ठेवतं, कडा उचलतं, आणि एक दिवस दिवाणखान्याच्या छताला पिवळा डाग पडला की दादाला फोन जातो. दादाचं पहिलं वाक्य ठरलेलं: "आत्ता आठवण झाली का?" गिऱ्हाइकाला असं खडसावून धंदा टिकवणारा दुसरा माणूस मी पाहिलेला नाही.

पण काम चोख, हे त्याच्या तोंडावर नाही तरी त्याच्या मागे मी नेहमी म्हणते. ब्रश कायम वरून खाली मारायचा, उलटा मारला तर पाणी कौलाच्या पोटात शिरतं. जोराच्या पाण्याचा पंप त्याने कधी वापरला नाही. त्याने शेवाळ निघतं आणि कौलाची सालही निघते, मग पुढच्या वर्षी दुप्पट उगवतं. छपरावर झुकलेल्या फांद्या हातभर मागे छाटायच्या, पन्हाळीतला पाला काढायचा, सांधे कोरडे होऊ द्यायचे. आणि हे सगळं झालं की शेवटी छपराच्या माथ्यावर, या टोकापासून त्या टोकापर्यंत, चार बोटं रुंदीची तांब्याची पट्टी बसवायची. पाऊस त्या पट्टीवरून खाली उतरतो आणि तांब्याचा अंश सगळ्या छपरावर पसरतो. शेवाळाला तांबं सोसत नाही. झाड तोडायला नको, औषध मारायला नको, दहा-दहा वर्षं छप्पर स्वच्छ राहतं.

ही पट्टी म्हणजे दादाचा जीव की प्राण. ती त्याने शोधली नव्हती, कुठेतरी पाहिली होती. पण आमच्या भागात ती आणली त्याने, आणि मग लोक त्याला 'पट्टीवाले' म्हणूनच ओळखायला लागले. फोनवरही तो तसंच सांगायचा, "पट्टीवाले बोलतोय." स्वतःचं नाव सांगायला जणू पैसे पडत होते.

त्याची दुसरी ओळख म्हणजे गुडघा. पस्तिशीत असताना तो एका घराच्या कौलांवर काम करत होता. खालून घरमालक ओरडला, "अहो, डावीकडे राहिलंय!" दादाने डावीकडे पाहिलं आणि सरळ खाली आला. त्या गुडघ्यात तीन स्क्रू आहेत. त्या दिवसापासून त्याने नियम केला: छपरावर असताना खालून आलेली हाक ऐकायची नाही. खालच्याला छप्पर दिसत नाही, त्याला फक्त बोलायचं असतं.

वीस वर्षं त्याने तो गुडघा ओढत नेला. शेवटी डॉक्टरांनी शिडी बंद केली तेव्हा मुलगी पुढे आली. मोबाइलच्या दुकानात काउंटरवर उभी राहायची ती, चांगली एसीत. म्हणाली, "बाबा, उभंच राहायचं तर छपरावर राहते." वहिनी असती तर तिने दोघांनाही फोडून काढलं असतं. पण वहिनी जाऊन तेव्हा चार वर्षं झाली होती, आणि माझं या घरात कोण ऐकतं?

मुलीला आम्ही मुंगी म्हणतो. लहानपणी खिडकीच्या गजांवर चढायची तेव्हापासून. दादाने तिला दोन गोष्टी शिकवल्या. पहिली पत्र्यावर चालायची. पत्रा मधे दबतो, पण ज्या ओळीत खिळे दिसतात त्या ओळीखाली आडवं लाकूड असतं. म्हणून खिळ्यांच्या ओळीवरून चालायचं, डोळे मिटून चाललीस तरी चालेल. आणि दुसरी, खालची हाक. ती शिकवण्याची त्याची तऱ्हा मात्र अजब होती. मुंगी वर गेली की हा खालून मुद्दाम खोटं सांगायचा. "उजवीकडे सरक, तिथे कौल पक्कं आहे." कौल सुटं असायचं. "खिळ्यांवरून नको, मधून चाल." मधून पत्रा दबायचा. ती ऐकते का हे बघायचं आणि ऐकलं तर खाली आल्यावर तिची पूजा बांधायची. पहिल्या वर्षी तिने पुष्कळ बोलणी खाल्ली. दुसऱ्या वर्षापासून ती वरून नुसती हसायची. "ऐकलं नाही हं, बाबा!" मग तो खेळच होऊन बसला. मी चहा घेऊन बाहेर आले की मलाही सामील करून घ्यायचा. मीही सांगायचे, "मुंगे, तिकडे जाऊ नकोस, साप आहे." आम्हा तिघांना त्यात भारी मजा यायची. आता ते आठवलं की अंगावर काटा येतो.

माझं घर कौलारू आहे आणि मागच्या बाजूला कौलांच्या वळचणीखाली शिवणखोली काढलेली आहे. तिच्यावर पत्रा. वर भलंमोठं झाड. तेरा वर्षांपूर्वी पत्रे नवे होते, जस्ताचा मुलामा दिलेले, चकचकीत. दुकानदार म्हणाला होता, वीस-पंचवीस वर्षं वर बघायला नको. त्याच आठवड्यात दादाने कौलांच्या माथ्यावर तांब्याची पट्टी बसवली. बहिणीचं घर म्हणून दोन बोटं जास्तच रुंद. कौलांवरचं पाणी वळचणीतून सरळ पत्र्यावर पडतं हे आम्हा सगळ्यांना दिसत होतं. त्यात काही वावगं आहे असं कोणाच्या डोक्यात आलं नाही.

मी पडदे शिवते. गेल्या वर्षी पाऊस सुरू असताना पांढऱ्या कापडाचा एक तागा कापायच्या टेबलावर उलगडला होता, त्यावर तपकिरी थेंब पडला. धुतला, गेला नाही. दुसऱ्या दिवशी आणखी तीन. वर पाहिलं तर खिळ्यांच्या कडेने बारीक उजेड दिसत होता, ओळीने, एकेका खिळ्याला एकेक ठिपका. पाऊस थांबल्यावर दादाला बोलावलं. म्हटलं, "बारा वर्षांत पत्र्याला भोकं? तुझ्या त्या दुकानदाराला जाऊन विचार."

तो टेबलावर चढला. डॉक्टरांनी शिडी बंद केली होती, टेबल नाही, असं त्याचं म्हणणं. खिशातून स्कूटरची किल्ली काढून त्याने खिळ्याच्या बाजूला पत्रा खरवडला. किल्ली आरपार गेली. मग त्याने खालचं आडवं लाकूड टोचलं. तेही मऊ होतं, ओल्या बिस्किटासारखं, हातात भुगा आला. कित्येक पावसाळे खिळ्यांच्या कडेने थेंब थेंब पाणी त्याच लाकडात मुरत होतं. दादा बराच वेळ टेबलावर उभाच राहिला. मी विचारलं, "काय झालं?" म्हणाला, "खिळे हलक्या प्रतीचे." खाली उतरला आणि चहा न घेता गेला. माझ्याकडे येऊन चहा न घेता गेलेला दादा मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला.

खरं काय ते मला महिन्याभराने कळलं, तेही पत्रे जिथून आणले होते त्याच हार्डवेअरच्या दुकानात. मशीनसाठी तेल आणायला गेले होते. दुकानदार म्हणाला, "तुमचे बंधू रुसलेत वाटतं. पत्र्याचा तुकडा घेऊन आले होते. मी विचारलं, वर तांबं आहे का? म्हणाले, आहे. मग म्हटलं, तांब्यावरून उतरलेलं पाणी जस्ताला खातं हो पट्टीवाले, एवढं माहीत नाही होय तुम्हाला? तेव्हापासून फिरकले नाहीत." तो हसत होता. मला हसू आलं नाही.

घरी येऊन दादाला फोन केला. म्हणाला, "शहाणा झालाय तो." थोड्या वेळाने म्हणाला, "कौलांना काही होत नाही. फक्त खाली पत्रा असेल तिथेच." आणखी थोड्या वेळाने, "अशी अकरा घरं आहेत. बघतो मी. तू कुठे बोलू नकोस."

मी बोलले नाही. हे मी स्पष्ट सांगते, कारण या गोष्टीत सगळं खापर दादाच्या डोक्यावर फोडणं मला जमणार नाही. मला वाटलं, छप्पर गळेल, फार तर पत्रे बदलावे लागतील. मुंगी त्याच पत्र्यांवर चालते, आणि नेमकी खिळ्यांच्या ओळीवरून चालते, याची सांगड मी घातली नाही. घालायचीच नव्हती म्हणा हवं तर. भावाची अब्रू झाकण्यात बहिणीला एक समाधान असतं. तेवढ्यावर मी वर्ष काढलं.

तर यंदा, पाऊस तोंडावर आला असताना, बापलेक माझं छप्पर झाडायला आले. दादाचा चेहरा उतरलेला होता. शिडी लावताना तो तिला म्हणाला, "आज फक्त कौलं. पत्र्याचं मी नंतर बघतो." मुंगीने मान डोलावली. ब्रश, पाल्याची पिशवी आणि कमरेची दोरी घेऊन ती वर गेली. झाडाखाली इतकी सावली होती की सकाळ असून संध्याकाळ वाटत होती. वारा नव्हता. पाल्याचा कुजका वास येत होता आणि वरून ब्रशचा खसखस आवाज.

अर्ध्या तासाने तो आवाज थांबला. मुंगीने दोरी कौलांवरच्या आकड्यातून सोडवली आणि वळचणीवरून खाली पत्र्यावर पाय टाकला.

"अगं, कौलं म्हटलं होतं ना?" दादा म्हणाला.

"कोपऱ्यात पाला साचलाय, बाबा. त्याच्याखाली शेवाळ धरलंय. दोन मिनिटांचं काम आहे."

कोपरा पत्र्याच्या दुसऱ्या टोकाला. ती खिळ्यांच्या ओळीवर आली आणि त्या ओळीवरून निघाली, एकापुढे एक पाऊल टाकत, शिकवल्याप्रमाणे. पत्रा कुरकुरला. मी दादाकडे पाहिलं. त्याने शिडी धरली होती आणि तो वर बघत नव्हता, जमिनीकडे बघत होता.

"दादा," मी म्हटलं, "सांग तिला."

त्याने घसा साफ केला. "मुंगे, खिळ्यांवरून नको. भिंतीच्या बाजूला सरक."

वरून हसण्याचा आवाज आला. "ऐकलं नाही हं."

"खरंच सांगतोय."

"तुम्ही नेहमी खरंच सांगता."

मग मी ओरडले. "मुंगे, खरंच आहे ग. पत्रा सडलाय."

"आत्या, साप कुठे गेला आज?" ती म्हणाली आणि पुढचं पाऊल टाकलं. जमिनीवर उभं राहून माणसाला दुसऱ्याचा जीव वाचवता येत नाही हे मला त्या वेळी कळलं, आणि त्याची व्यवस्था आम्हीच नीट करून ठेवली होती हेही कळलं. जितक्या जोरात ओरडावं तितकी तिची खात्री पटत होती की हा खेळ आहे.

मी शिवणखोलीत धावले. आतून वर पाहिलं तर पत्र्याला दोन पावलांएवढा फुगवटा आला होता आणि तो सरकत होता. त्याच्या पुढे-मागे गंजाची पूड खाली गळत होती. मशीनवर, फरशीवर, माझ्या केसांत. खाली सिमेंटची फरशी आणि लोखंडी पायांची दोन मशीनं. मी कापायचं टेबल ओढलं. जड टेबल, एरवी दोघी लागतात. ते त्या फुगवट्याच्या पुढे आणून लावलं आणि हाताला आले ते तागे त्यावर टाकले. बाहेरून दादाचा आवाज येत होता. आधी तो तेच तेच ओरडत होता. मग हळू आवाजात, ओरडल्याशिवाय, बोलायला लागला. खिडकी उघडी होती, मला शब्दन् शब्द ऐकू आला.

"मुंगे. पट्टीत माझी चूक आहे. तांब्याचं पाणी पत्रा खातं. मला माहीत नव्हतं, मग गेल्या वर्षी कळलं. याच पत्र्यात किल्ली आरपार गेली माझी. खालचं लाकूडही गेलंय. मी कोणाला सांगितलं नाही, कारण लोक हसले असते. बाळा, मी चुकलो."

फुगवटा थांबला. शेवाळाबद्दल, गुडघ्याबद्दल, वहिनीच्या आजारपणातल्या डॉक्टरच्या निवडीबद्दल, कशाबद्दलही 'मी चुकलो' हे दोन शब्द तिने बापाच्या तोंडून ऐकलेले नव्हते. हाक खोटी असू शकत होती. हे दोन शब्द तो खेळात वापरणं शक्यच नव्हतं. तिने ब्रशचा दांडा पायापुढे टेकवला असणार, कारण माझ्या डोळ्यांसमोर पत्र्यातून लाकडी दांड्याचं टोक सरळ आत आलं आणि त्याबरोबर मूठभर गंज.

"झोप," मी खालून म्हटलं. "आडवी हो, मुंगे. टेबल खाली आहे."

ती वाकत होती. एक गुडघा टेकला असेल नसेल, तोच दुसरा पाय आत आला. कडकन मोडलं वगैरे काही नाही, भिजलेला पुठ्ठा फाटावा तसा आवाज झाला आणि माझ्या भाचीचा पाय मांडीपर्यंत माझ्या खोलीत लोंबकळायला लागला. बूट घातलेला, पँट फाटलेली, आणि पत्र्याच्या धारेने चिरलेल्या मांडीवरून रक्ताचा ओघळ. आडवं लाकूड दोन तुकडे होऊन मशीनवर पडलं. मी टेबलावर चढले, बूट दोन्ही हातांनी धरला आणि वर ढकलला. माझं वय अठ्ठावन्न आहे आणि माझ्या खांद्यात ताकद आहे ती फक्त पडदे उचलण्याएवढी, पण ढकलला. वरून ती कोपरांवर सरकली. पाय सुटला. पोटावर सरपटत ती भिंतीकडे गेली, भिंतीवरून कौलांवर, कौलांवरून शिडीवर. मी आतून फक्त आवाज ऐकत होते आणि प्रत्येक आवाजाबरोबर एकेक श्वास घेत होते.

ती आत आली तेव्हा तिचा चेहरा पांढराफटक होता. मी तिला खुर्चीवर बसवलं आणि पांढऱ्या कापडाची पट्टी फाडून मांडी आवळून बांधली. जखम लांब होती, खोल नव्हती. दादा दारात उभा होता. आत यायची त्याची छाती होत नव्हती. पत्र्यातल्या नव्या भोकातून झाडाचा हिरवा उजेड टेबलावर पडला होता.

मुंगीने मांडीवरची गाठ स्वतःच आणखी घट्ट केली. मग म्हणाली, "गेल्या वर्षी कळलं?"

"हो."

"किती घरं?"

"अकरा."

ती बोटांवर मोजायला लागली. "यंदा मी बेकरीच्या पत्र्यावर चढले. लाँड्रीच्या चढले. दवाखान्याच्या मागच्या पडवीवर. पाळणाघरावर तर दोनदा. सगळीकडे वर पट्टी आहे. तुम्ही शिडी धरून उभे होतात."

"होतो."

"काही बोलला नाहीत."

दादाने चटकन वर पाहिलं. त्याच्या तोंडावर मला एक विचित्र भाव दिसला, आपली बाजू मांडायची संधी मिळालेल्या माणसाचा. "बोललो होतो," तो म्हणाला. "देवाशप्पथ बोललो होतो. प्रत्येक ठिकाणी सांगितलं, खिळ्यांवरून नको. चारही ठिकाणी. तू हसलीस. आठव, तू हसलीस."

माझ्या हातातली कात्री टेबलावर पडली. मला वाटत होतं, दादा मूग गिळून बसला आणि त्याने नशिबावर हवाला ठेवला. माणूस घाबरतो, लपवतो, ते मी समजू शकते, कारण मीही तेच केलं होतं. पण त्याने वर्षभर दर वेळी खरी हाक मारली होती, ती ऐकली जाणार नाही हे पक्कं ठाऊक असताना. स्वतःला सांगता यावं म्हणून. तेवढ्यावर तो घरी जाऊन जेवत होता आणि झोपत होता. त्या क्षणी मला माझ्या भावाची किळस आली. आता ती तेवढी राहिलेली नाही, पण आली होती हे खरं.

मुंगी रडली नाही. तिने फक्त विचारलं, "मी ऐकणार नाही हे माहीत होतं ना तुम्हाला?"

दादा दाराच्या चौकटीला हात लावून हळूहळू खाली बसला, तो स्क्रूचा गुडघा तसाच पुढे ताठ ठेवून.

"उठा," मुंगी म्हणाली. "आत्या, गाडीची किल्ली घे त्यांच्याकडून. आधी पाळणाघर."

मी म्हटलं, "आधी इंजेक्शन. टाके घालावे लागतील."

"पाळणाघराच्या मागच्या खोलीवर पत्रा आहे, आत्या. मागच्याच महिन्यात मी त्याच्यावर उभी होते. लाकूड तेव्हाच वाकत होतं, मला वाटलं माझं वजन वाढलंय. दुपारची ती मुलांना तिथेच झोपवतात."

मग आम्ही गेलो. दादाची शिडी-ब्रश न्यायची छोटी व्हॅन मी चालवली. मुंगी पुढे बसली, मांडीवर हात दाबून, आणि कापडाची पट्टी लाल होत गेली. दादा मागे शिडीशेजारी बसला होता. रस्त्यात एकदा तो म्हणाला, "मी फोन करून सांगतो त्यांना." मुंगी मागे न वळता म्हणाली, "फोन नाही. दारात उभं राहून सांगायचं. तुम्हीच."

पाळणाघर म्हणजे एक जुनं बैठं घर, दोन इमारतींच्या मधे चेपलेलं, सदा सावलीत. कौलांवर शेवाळाचा ठिपकाही नव्हता. माथ्यावर पट्टी होती, काळी पडलेली, आणि कौलांच्या खालच्या कडेला मागच्या खोलीचा पत्रा. दारावर मुलांच्या हातांचे रंगीत ठसे होते. घड्याळात बारा वाजायला दहा मिनिटं कमी होती. मी बेल दाबली. पाळणाघराच्या बाईंनी दार उघडलं आणि तोंडावर बोट ठेवून हळू आवाजात म्हणाल्या, "आज जरा लवकरच झोपलीत सगळी. काय हो पट्टीवाले, अचानक?"

दादाने तोंड उघडलं. पण सवयीने तो मान वर करून छपराकडे बघायला लागला.

"वर काय बघताय, बाबा," मुंगी म्हणाली. "आत किती जण झोपलेत ते विचारा."